मदत हवी आहे: फाउंड्रीत भट्टीचा स्फोट, दाजींचा डोळा गेला, आता स्टॅम्पपेपरवर सही मागतायत

घाटावरचा

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे दाजी (वय ३५) कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतकाम करतात तो कारखाना) फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर, कामाला होते. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. जुलै २०२५ मध्ये तिसऱ्या पाळीत अपघात झाला. आठवडाभर पावसानं उसंत दिली नव्हती. भंगार ठेवायची शेड गळकी. एरवी भंगार वाळवून, तापवून मगच भट्टीत टाकतात, पण त्या रात्री हीट (वितळलेल्या मेटलचा एक घाणा) लवकर काढायची घाई होती. निम्म्याहून जास्त मेटल वितळलेलं असताना त्यात गाडीचा जुना शॉकॲब्सॉर्बर गेला. दोन्ही तोंडं बंद, आत तेल होतं की पाणी, देवाला ठाऊक. ज्यांना फाउंड्री माहीत नाही त्यांना सांगतो, पाण्याची वाफ होताना ते दीड हजार पटीहून जास्त फुगतं, आणि इथं तर त्याच्या डोक्यावर लोखंडाचा रस. दाजी म्हणतात आवाज आठवतच नाही. आधी पांढराफेक उजेड आठवतो, आणि मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ताडताड आवाज. ते मेटल होतं.

उजवा डोळा, मान आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रात्रीच सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) नेलं, दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात हलवलं. २३ दिवस ॲडमिट. बिल २ लाख ८० हजार झालं. मालकानं ६० हजार भरले, बाकीच्यासाठी ताईचे दागिने गहाण आहेत. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. कोपर पूर्ण सरळ होत नाही.

पगार २३,५०० होता, तोही कंत्राटदाराच्या नावावर. कंपनी म्हणते, "पगार २१ हजारांच्या वर, म्हणून ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही, आणि ईएसआय नाही म्हणजे कायद्यानं काही देणं लागत नाही. माणुसकी म्हणून दीड लाख देतो." त्यासाठी ५०० च्या स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करून आणलाय, की पैसे मिळाले, यापुढे कसलीही तक्रार नाही. वर ऐकवतात की गॉगल घातला नव्हता, चूक तुमचीच. आता गॉगलचं म्हणाल तर अख्ख्या पाळीला एक गॉगल, आणि त्याची काच इतकी ओरखडलेली की तो लावल्यावर भट्टीच दिसायची नाही.

ताईला वाटतं सही करून मोकळं व्हावं. पोरांची फी तटलीय. खरंच काही मिळत नाही का? दीड लाख बरे आहेत का कमी? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

मिसळीचा_कट

सही करू देऊ नका. आमच्या चुलत्यांनी केली होती. पुढचं काय सांगू.

गोकुळशिरगावकर

ईएसआयच्या शाखा कार्यालयात जावा. कामावर जखम झाली तर ९० टक्के पगार मिळतो, कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम. माझ्या मित्राला चालू आहे.

बावड्याचा_वकील

गोकुळशिरगावकर, तुमचं बरोबर आहे, पण ते ईएसआयखाली येणाऱ्यांसाठी. ओव्हरटाइम सोडून पगार २१ हजारांवर गेला की माणूस त्या योजनेबाहेर. घाटावरचा, तुमच्या दाजींच्या २३,५०० मध्ये ओव्हरटाइम किती आहे ते आधी बघा. मूळ पगारच तेवढा असेल तर ईएसआय नाही, इथवर कंपनी खरं बोलतेय.

पुढचं मात्र साफ खोटं. ईएसआय लागू नाही म्हणूनच १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो. ईएसआय असता तर उलट या कायद्याचा दावा लावता आला नसता. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, पण तुमचा अपघात त्याआधीचा, तेव्हा हिशेब जुन्याच कायद्यानं.)

या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळं अपघात झाला एवढं पुरे. गॉगलचा मुद्दा ते उचलणारच, पण मुद्दाम, जाणूनबुजून नियम मोडला हे त्यांना दाखवावं लागेल. निष्काळजीपणा वेगळा, मुद्दामपणा वेगळा. अख्ख्या पाळीला एक गॉगल म्हटल्यावर त्यांनी तो विषय काढला तर आपल्याला बरंच.

आता आकडा. पगार कितीही असो, हिशेबाला महिना १५,००० च्या वर धरत नाहीत. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय ३५ ला कायद्याच्या तक्त्यात गुणक १९७.०६ आहे. गुणाकार १७,७३,५४०. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका डोळ्याची दृष्टी गेली, बुबुळ शाबूत, दुसरा डोळा चांगला, तर तक्त्याप्रमाणं ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२. डोळाच काढावा लागला असता तर ४० टक्के. कोपराचं तक्त्यात बसत नाही. त्यानं कमाईची ताकद किती घटली ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, ते यात वाढेल. आणि एका डोळ्यानं, वाकड्या कोपरानं फर्नेसचं काम होणारच नाही हे मांडा. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गेलेल्या सुताराचं अपंगत्व १०० टक्के धरलं होतं, कारण सुतारकाम त्याला परत करता येणार नव्हतं. तुमच्यात तेवढं मिळेलच असं म्हणत नाही, मागायचं मात्र.

यात दवाखान्याचा खर्च धरलेला नाही. तो प्रत्यक्ष जेवढा झाला तेवढा मालकानं वेगळा द्यायचा. त्यांनी भरलेले ६० हजार उपचाराचे आहेत, भरपाईतून वळते करता येत नाहीत.

स्टॅम्पपेपर: हक्क सोडून देणारा असला करार याच कायद्याच्या कलम १७ नं रद्दबातल ठरतो. तरी सही करू नका. एकदा केली की ती कशी झाली, का झाली हे सांगण्यातच वर्ष जातं.

पत्र्याची_शेड

मी २२ वर्षं सेफ्टीत काढली, आता निवृत्त. वकीलसाहेबांनी पैशाचं सांगितलं, मी कारखान्याचं सांगतो. असा अपघात झाला की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. कळवलं का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नसेल कळवलं तर तुम्ही लेखी कळवा आणि पोच घ्या. पाळीतल्या कुणाच्या मोबाइलवर भंगाराच्या ढिगाचे, गळक्या शेडचे फोटो असतील तर आजच घेऊन ठेवा. अपघातानंतर चार दिवसांत शेडवर नवे पत्रे चढतात, हे मी स्वतः पाहिलंय. चढवणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू.

घाटावरचा

सगळ्यांचे आभार. पगारपत्रकं बघितली, ओव्हरटाइम सोडून २२,१०० आहे. म्हणजे ईएसआय नाहीच.

पण एक घोळ निघालाय. खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आज पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात लिहिलंय, "घरी गरम पाणी अंगावर पडून भाजले." ॲडमिट करताना फॉर्म सुपरवायझरनं भरला होता. दाजी तेव्हा शुद्धीत असून नसल्यासारखे, ताई गावाहून यायची होती. आता काय? गरम पाण्यानं डोळ्यात लोखंडाचे कण जातात का हो?

बावड्याचा_वकील

घाबरू नका, हे नवीन नाही. आधी सीपीआरला नेलं होतं ना? भाजलेला रुग्ण आला की तिथं एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय) नोंद होते आणि पोलिसांना कळवतात. कसं भाजलं ते पहिल्या तासातच त्या केसपेपरवर लिहिलं जातं. त्याची प्रमाणित प्रत काढा. पोलीस ठाण्यात जबाब झाला असेल तर तोही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी धातूचे कण काढले असतील तर ऑपरेशनची नोंद मागा. पाण्यात लोखंड नसतं हे न्यायाधीशांनाही कळतं.

मग कंपनी आणि कंत्राटदार दोघांनाही रजिस्टर पोस्टानं नोटीस. कंत्राटदार कितीही पुढं केला तरी मूळ मालक कलम १२ नं बांधील आहे, त्यांचं आपसातलं ते बघून घेतील. दावा इथंच, कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे जुलै २०२७, पण तोवर थांबू नका.

महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं. ५ लाख ३२ हजारांवर वर्षाला सुमारे ६४ हजार. वर कारण नसताना टाळलं म्हणून ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत अशी, की त्यांची पॉलिसी असेल तर भरपाई आणि व्याज विमा कंपनी देते, दंड मात्र मालकाच्या खिशातून. नोटिशीत ही ओळ ठळक टाका. आणि "हायकोर्टात खेचू" म्हणाले तर खेचू द्या. अपिलाआधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे, मुंबईच्या खेपा नाहीत.

फीची चिंता असेल तर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जावा, किंवा १५१०० ला फोन करा. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

घाटावरचा

आज सीपीआरला जाऊन आलो. दोन खिडक्या, एक अर्ज, झेरॉक्सवाल्याकडं वीज नाही, नेहमीचंच. पण कागद मिळाला. बॉलपेननं, जरा तिरकं लिहिलंय: "कारखान्यात भट्टीचा भडका उडून, वितळलेले लोखंड अंगावर पडून." खाली वेळ रात्रीची २.५०. ताईनं तो कागद तीनदा वाचला.

सुपरवायझर काल पुन्हा घरी येऊन गेला. आकडा अडीच लाखांवर आलाय.

एकच अडचण राहिली. दाजींचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत मोल्डिंगला आहे. त्याला उद्या काढून टाकलं तर? दाजी त्याच्यामुळंच मागं सरतायत.

बावड्याचा_वकील

त्याला साक्षीला नेऊ नका, नोटिशीत त्याचं नावही नको. तुमची केस कागदावर उभी आहे, हजेरी, पगारपत्रक आणि सीपीआरचा तो केसपेपर. तरी त्याला एवढं सांगा, की पुढचे दोन महिने रोजची हजेरी आणि गेटपास मोबाइलवर फोटो काढून ठेव, आणि कसल्याही कोऱ्या कागदावर सही करू नको.

घाटावरचा

सांगतो. सोमवारी बावड्याला येतोय, मूळ कागद घेऊन.