कपडे धुण्याच्या शीट्स: वापरल्यात का कोणी? अनुभव सांगा

गेल्या वर्षभरात मोबाईल उघडला की दोन गोष्टी दिसतात. एक गुडघेदुखीचं तेल आणि दुसरी कपडे धुण्याची कागदासारखी पट्टी. 'प्लास्टिकमुक्त', 'निसर्गस्नेही', 'एक पट्टी, एक धुणं'. शेवटी एक खोकं मागवलंच. आता थोडंफार मत झालंय, पण ते एका घरापुरतं. म्हणून हा धागा. ज्यांनी ज्यांनी डिटर्जंट शीट्स वापरल्यात त्यांनी लिहा. फक्त 'मस्त आहे' किंवा 'भंगार आहे' नको. पाणी कुठलं (नळ, बोअर, टँकर), मशीन कुठलं की हाताने धुता, कपडे कसले, आणि एका धुण्याला काय पडतं, हे सांगा. विकणाऱ्यांनी लिंका टाकू नयेत ही विनंती.

माझ्यापासून सुरुवात करते. पुणे, महापालिकेचं पाणी, फ्रंट लोड. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, म्हणजे त्यात क्षार कमी, त्यामुळे साबणाचं काम मुळातच सोपं. ऑफिसचे शर्ट, कुर्ते, ओढण्या, चादरी व्यवस्थित निघतात. वास मंद, कपडे कडक होत नाहीत. टॉवेल आणि स्वयंपाकघरातली फडकी मात्र निघत नाहीत. फडक्यांचा तो ओशट वास दुसऱ्या दिवशी परत हजर. थंडीत गार पाण्यावर लावलं तर पट्टी पूर्ण विरघळत नाही. काळ्या कुर्त्याच्या बाहीवर शेंबडासारखा पारदर्शक थर चिकटून बसला होता, वाळल्यावर पांढरा पडला. आता मगभर गरम पाण्यात पट्टी ढवळून मग ओतते. पण मग मोजण्याची कटकट वाचली म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

खर्च: मला पट्टीमागे दहा-बारा रुपये पडले. लिक्विडचं रिफिल पाऊच आणलं तर त्याच्या जवळपास निम्म्यात काम होतं.

डोंबिवलीहून

आमच्याकडे मशीन आहे पण ते चादरींपुरतं. रोजचं धुणं मावशी हाताने धुतात. त्यांना पट्टी दिली तर उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, ह्या कागदानं कापडं निघत्यात व्हय?" मी म्हटलं, बघू तर या. बादलीत टाकली, ढवळली, थोडा फेस आला आणि बसला. मावशींचा विश्वास फेसावर. पाचच मिनिटांत नेहमीची निळी वडी बाहेर आली, ब्रश आला, आणि मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर दगडावर घासली गेली.

खरं सांगायचं तर कॉलर पट्टीने निघालीच नसती. लोकलने जाणाऱ्या माणसाच्या कॉलरला जो काळा पट्टा बसतो त्याला वडी आणि मनगट लागतं, पावडरनेसुद्धा तो नुसता भिजवून जात नाही. सासूबाईंचं मत एका वाक्यात: "कागदाचे पैसे मावशीला वाढवून दे."

नाशिकहून, जरा लांबलचक

मला कोणाचं ऐकून पटत नाही, म्हणून जुनी सुती चादर फाडून रुमालाएवढे तुकडे केले. प्रत्येकावर तेच डाग: फोडणीचं तेल हळदीसकट, चहा, आमरस, सायकलच्या चेनचं काळं ग्रीस आणि बॉलपेनची शाई. रात्रभर सुकू दिले. मग एक तुकडा नुसत्या पाण्यात, एक शीटवर, एक साध्या पावडरवर, एक लिक्विडवर. मशीन तेच, प्रोग्राम तोच, सोबत प्रत्येक वेळी तितकेच जुने टॉवेल, म्हणजे भार सारखा.

चहा: शीटने बराच फिका झाला, पावडरने जवळजवळ गेला. आमरस: सगळीकडेच गेला, नुसत्या पाण्यातसुद्धा पिवळसर सावली तेवढी राहिली. ग्रीस आणि शाई कोणालाच हलली नाही. खरी गंमत तेलाच्या डागाची. नुसत्या पाण्याचा आणि शीटचा तुकडा शेजारी शेजारी वाळत घातले तर बायकोला कुठला कोणता ते सांगता आलं नाही. तेलाचा गोल तसाच, हाताला ओशट. लिक्विडने तो अगदी पुसट झाला होता.

हळदीचं म्हणाल तर पावडरच्या तुकड्यावर ती लालभडक झाली. घाबरायचं कारण नाही, पावडर सोड्यामुळे अल्कधर्मी असते, त्यात हळद लाल होते, स्वच्छ पाण्यात खंगाळली की परत पिवळी. आणि पिवळी हळद उन्हात टाकली की आपोआप उडते. शीटच्या तुकड्यावर ती लाल झाली नाही, यावरूनच कळतं की त्यात सोडा नावालाच असावा. दोन दिवस गच्चीवर कडक ऊन मिळाल्यावर चारही तुकड्यांवरची हळद सारखीच गेली. म्हणजे हळदीला डिटर्जंटवर पैसे घालवूच नयेत.

माझा निष्कर्ष: घामाचे, धुळीचे, एकदा घातलेले कपडे असतील तर शीट चालते. पण असे कपडे पाण्यात आणि मशीनच्या आपटण्यातच निम्मे निघतात, हेही मोजायला हवं.

छत्रपती संभाजीनगरहून

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेलाच माहीत. बाकी दिवस टँकर आणि बोअर. बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉइल पांढऱ्या थराने जाड होते आणि नळाच्या तोंडाला खडे धरतात. अशा पाण्यात शीट म्हणजे शोभेची वस्तू. फेस नाही, मळ नाही निघत, उलट गडद कपड्यांवर राखाडी झाक येते. दोन टाकल्या, तरी तेच.

पण एक गोष्ट आवडली. नळाचं पाणी आलं त्या दिवशी त्याच शीट्सने धुतलं तर एकदा खंगाळून काम झालं. पावडरला दोनदा-तीनदा पाणी बदलावं लागतं, ते वाचलं. जिथे बादलीचा हिशेब असतो तिथे ही मोठी गोष्ट आहे. जाहिरातवाले समुद्रातल्या कासवाचं चित्र टाकतात, त्याऐवजी हे सांगितलं असतं तर मराठवाड्यात खप वाढला असता.

न्यू जर्सीहून

मी पक्की शीटवाली! तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, मशीन तळघरात आणि तेही सगळ्या बिल्डिंगचं मिळून. लिक्विडचा तो अवजड जग एका हातात, टोपली दुसऱ्या हातात आणि कडेवर लेक, हा प्रकार करून बघा एकदा. शीट खिशात मावते. शिवाय लिक्विडमध्ये अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, म्हणजे दुकानातून आपण पाणी वाहून आणतो आणि पुन्हा पाण्यातच ओततो.

आमचे कपडे फार मळत नाहीत हे मान्य. दिवाळी फराळाच्या आठवड्यातले ॲप्रन मी पावडरवरच धुतले.

म्युनिकहून

इथलं पाणी चांगलंच जड. जर्मनीत डिटर्जंटच्या खोक्यावर पाण्याच्या काठिण्यानुसार माप छापलेलं असतं: मऊ, मध्यम, कठीण. मळ किती तेही वेगळं. शीटच्या पाकिटावर मात्र एका धुण्याला एक, फार मळके असतील तर दोन, संपलं. मी शीट्स प्रवासासाठी ठेवल्यात. विमानात हातातल्या बॅगेत द्रव न्यायचा तर बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलिलीटरची भानगड, शीटला ती नाही. हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवायला पाव तुकडा पुरे.

ठाण्याहून

मुलीला एक्झिमा आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी सुगंध नसलेलं डिटर्जंट वापरायला सांगितलं म्हणून शीट्सकडे वळलो. पहिलं खोकं आणलं ते 'नैसर्गिक लॅव्हेंडर'. कोपराच्या खोबणीत परत लाल झालं. सुगंध नैसर्गिक असला तरी त्वचेला तो सुगंधच. नंतर बिनवासाच्या शीट्स मिळाल्या, त्यावर ठीक चाललंय. ते शीटमुळे की वास नसल्यामुळे, तर माझ्या मते वास नसल्यामुळेच. बिनवासाचं लिक्विडही चाललं असतं, पण जवळच्या दुकानात मिळत नाही.

रत्नागिरीहून

जूनमध्ये उघडलेलं खोकं जुलैत बघितलं तर सगळ्या पट्ट्यांची मिळून एक वडी झालेली. सुरीने कापून वापरली. पुठ्ठ्याचं खोकं निसर्गाला चांगलं असेल, पण कोकणातल्या निसर्गाला तो पुठ्ठा फार आवडतो. आता झाकणाच्या बरणीत ठेवतो, आत तांदळाची पुरचुंडी. लाल मातीच्या विजारींवर काही उपयोग नाही, त्या आधी नुसत्या पाण्यात खळबळून माती काढायची, मग काय ते डिटर्जंट.

साबण-डिटर्जंटच्या धंद्यात हयात घालवलेल्या एका वाचकाकडून

वरचे अनुभव वाचून मान डोलावली. कारण सोपं आहे. तुमची पट्टी वजनकाट्यावर ठेवा, साधारण तीन-चार ग्रॅम भरेल. त्यातला काही भाग पट्टीला पट्टी ठेवणारा पदार्थ. राहिलेल्यात मळ काढणारं रसायन. लिक्विडचं एक झाकण किंवा पावडरचा एक चमचा घेतलात तर त्यात याच्या कितीतरी पट माल असतो. पावडरमध्ये सोडा असतो, जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे पदार्थ असतात, चांगल्या पावडरीत एन्झाइम, म्हणजे डाग फोडणारी प्रथिनं, आणि ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं. हे सगळं पातळ पट्टीत मावत नाही. म्हणून मऊ पाण्यात, कमी मळक्या कपड्यांवर शीट चालते आणि बोअरच्या पाण्यात हात टेकते. जड पाणी असेल तर सुती कपड्यांना सोबत चमचाभर धुण्याचा सोडा टाकून बघा, फरक दिसेल. रेशीम आणि लोकरीला सोडा लावू नका.

आता 'प्लास्टिकमुक्त' या शब्दाविषयी. पट्टी बांधून ठेवणारा तो पदार्थ बहुतेक शीट्समध्ये पॉलीव्हिनाइल अल्कोहोल असतो, लेबलवर पीव्हीए किंवा पीव्हीओएच. हा पेट्रोलियमपासून बनणारा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचं रसायन. लिक्विडच्या कॅप्सूलचं पारदर्शक आवरण याचंच. विरघळला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. तो खाऊन टाकणारे जीवाणू असतात, पण ते पुरेसे असायला हवेत आणि सांडपाणी त्यांच्यापाशी पुरेसा वेळ थांबायला हवं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने अंदाज मांडला की तिथल्या सांडपाण्यात जाणाऱ्या पीव्हीएचा मोठा भाग प्रक्रिया होऊनही शिल्लक राहतो. त्या अभ्यासाला पैसा पीव्हीए न वापरणाऱ्या एका कंपनीचा होता, आणि उद्योगाने तो अंदाज मान्य केला नाही. 2022 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे पीव्हीएविरुद्ध अर्ज गेला, एप्रिल 2023 मध्ये तो फेटाळला गेला. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आपलं सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सगळं पोचतं तरी का? आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना सगळ्यांनी बघितलाय. कारखान्यांचं पाणी आणि गावांचं न शुद्ध केलेलं सांडपाणी सरळ नदीत आल्यावर, पट्टी वापरली की पावडर, नदीला त्याचं विशेष काही नाही. शीटचा खरा फायदा बाटली वाचण्यात आणि वाहतुकीचं वजन वाचण्यात आहे, तो खोटा नाही. पावडरचं कागदी खोकं किंवा मोठी पिशवी घेतलीत तरी त्यातला बराचसा मिळतो, आणि कपडेही निघतात. आणि पॉलिएस्टरचे कपडे धुताना जे सूक्ष्म धागे सुटतात ते तर कुठल्याच डिटर्जंटने थांबत नाहीत.

साताऱ्याहून

मी वारीत नेल्या होत्या. प्लास्टिकच्या डबीत, पट्टीचे चार-चार तुकडे करून. मुक्कामाला टँकरच्या नळाखाली सदरा-लेंगा चोळायचा, पाव तुकडा पुरतो. शेजारच्या दिंडीतल्या एकांनी बघितलं आणि "माउली, एक कागद इकडेबी द्या की" म्हणाले. मग काय, डबी पंढरपूरच्या बरीच अलीकडे रिकामी. पावसात डबीचं झाकण सैल राहिलं तर हाती खळ लागते, तेवढं जपा. वारीत खरा प्रश्न धुण्याचा नसतोच, वाळवण्याचा असतो. त्यावर कोणी शीट काढली तर कळवा.

पुन्हा पुण्याहून, धागाकर्ती

रसायनवाल्या काकांनी सांगितल्यावर खोक्यामागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. पीव्हीए आहे, आणि समोर ठळक अक्षरात 'शून्य प्लास्टिक'. आतली पट्ट्यांची चवडही पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती, हे तर भिंगाशिवाय दिसलं होतं. उरलेल्या शीट्स प्रवासाच्या बॅगेत गेल्या. फडक्यांना पावडर आणि गरम पाणी. नाशिककरांना एक विचारायचंय: लिक्विडचा तेलाचा डाग पुसट झाला तो एन्झाइमवाल्या लिक्विडचा की साध्या?

नाशिकहून

एन्झाइमवालं. साध्या लिक्विडचा तुकडा करायला चादर उरली नव्हती.

अकोल्याहून

उशिरा आले, एकच प्रश्न. शीट सौम्य असते म्हणतात, तर पैठणी धुता येईल का?

रसायनवाल्या वाचकाकडून

नका. सौम्य असली तरी काठ-पदराची जर आणि पक्का नसलेला रंग यांना पाणीच सोसत नाही, मशीनचा तर विषयच नाही. साधी रेशमी साडी, जर नसलेली, घरी धुवायचीच असेल तर रिठे भिजवून त्याचं गाळलेलं पाणी वापरा, आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का बघा, पिळू नका, सावलीत वाळवा. पैठणी ड्रायक्लीनला द्या.