अनुभव धागा: समलिंगी विवाह, धर्म आणि आपले मित्रमैत्रिणी

आम्ही सहा जण पंधरा वर्षांपासूनचे मित्र. गेल्या रविवारी जमलो होतो, बोलता बोलता विषय समलिंगी विवाहावर आला. आमच्यातला सगळ्यात मायाळू मुलगा म्हणाला, "माझा त्या माणसांना विरोध नाही, लग्नाला आहे. लग्न देवानं स्त्री-पुरुषासाठी केलंय." बाकीचे वाद घालू लागले. मी मात्र गप्प बसले. माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे आणि त्या पाचांपैकी कुणालाच ते ठाऊक नाही.

तेव्हापासून नीट झोप नाही. अशा वेळी तुम्ही काय बोललात, आणि पुढे काय झालं? जिंकलेलेच वाद नकोत, फसलेलेही लिहा. कुठल्याही धर्माची टवाळी मात्र नको. माझी स्वतःची रोजची प्रार्थना चुकत नाही.

*

माझा फसलेला वाद आधी सांगतो. कॉलेजपासूनचा माझा मित्र श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. त्यानं बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातलं, समलिंगी संबंधांना मनाई करणारं वचन काढलं. मी तयारीतच होतो. म्हटलं, पुढच्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे, मग तुझ्या शर्टाचं काय? मला वाटलं, झालं, संपला वाद. तो शांतपणे म्हणाला, "हे मी दहा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. विधींचे नियम वेगळे, नीतीचे वेगळे. आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय तर नव्या करारातला आहे. तो वाचलायस?" मी वाचला नव्हता.

घरी येऊन वाचला. मग सदोमची, म्हणजे पापामुळे देवानं नष्ट केलेल्या शहराची, कथा वाचली आणि तीच कथा बायबलमधला संदेष्टा यहेज्केल कशी सांगतो तेही. तिथं, सोळाव्या अध्यायात, सदोमचा दोष म्हणून गर्व, सुखासीनता आणि गरिबांना हात न देणं हे आधी येतं. हे त्याला दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा थांबला. पण म्हणाला, "पुढच्याच वचनात अमंगळ कृत्यं असाही शब्द आहे." तेही खरं होतं. वचनाला वचन देऊन आम्ही तीन महिने तिथंच फिरत राहिलो.

गाडी हलली ती वेगळ्याच कारणानं. आमच्या एका घटस्फोटित मित्रानं दुसरं लग्न केलं, नोंदणी पद्धतीनं. साक्षीदार म्हणून सही कुणाची? याचीच. नंतर एकदा मी विचारलं, "मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू घटस्फोटाबद्दल स्वतः बोलतो, आणि किती कडक बोलतो. समलिंगी लग्नाबद्दल त्याचा एक शब्द नाही. मग तिथं तू सही कशी केलीस?" तो बराच वेळ बोलला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "सही केली कारण तो सुखी होता. माझ्या चर्चमध्ये ते लग्न लागलं नसतं, पण कायद्यानं लावू नये असं मला वाटलं नाही. तुझं म्हणणं कळलं." समलिंगी लग्नाला तो आजही लग्न म्हणत नाही. कायद्याच्या आड येणार नाही, एवढं म्हणतो. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

*

वरच्या प्रतिसादातली सही फार महत्त्वाची आहे. मी वकील आहे आणि मित्रांशी बोलताना पहिली गाठ इथंच सोडवावी लागते: धर्माचा संस्कार आणि सरकारी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मैत्रिणीची खरी भीती धर्मग्रंथाबद्दल नव्हतीच. "उद्या आमच्या धर्मगुरूंना ही लग्नं लावायची सक्ती होईल," ही होती. ती भीती मी हसण्यावारी नेली नाही.

तिला मी एकेक देश दाखवला. नेदरलँड्समध्ये 1 एप्रिल 2001 पासून ही लग्नं होतात, जगात सर्वांत आधी तिथंच सुरू झाली. डेन्मार्कनं 2012 मध्ये राष्ट्रीय चर्चमध्येही ती लावायला परवानगी दिली, पण ज्या पाद्र्याला मान्य नसेल त्याला नकार देता येतो. इंग्लंडचा कायदा 2013 चा. ज्या धर्मसंस्था आपणहून तयार होतील त्यांनीच लग्नं लावायची, आणि चर्च ऑफ इंग्लंडला तर तो कायदा तशी लग्नं लावूच देत नाही. हे ऐकून ती थक्क झाली. भारतात अजून नोंदणीचाही मार्ग नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करणं हे संसदेचं काम आहे. मैत्रीण आता म्हणते, नोंदणीला माझी हरकत नाही, "विवाह" या शब्दाला आहे. म्हणजे आमचं भांडण एका शब्दापर्यंत आलं आहे. पण तो शब्द मी सोडणार नाही, कारण वारसा, दत्तक, आजारपण, सगळ्या ठिकाणी कायदा तोच शब्द विचारतो.

*

आजारपणाचं निघालं म्हणून लिहितो. मी आणि माझा जोडीदार अकरा वर्षं एकत्र राहतो. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं तेव्हा फॉर्मवर "रुग्णाशी नातं" हा रकाना होता. मी "मित्र" लिहिलं. पेन तिथंच थोडा वेळ टेकून राहिलं. मग मला बाहेर बसायला सांगितलं.

त्या रात्री शेजारच्या खुर्चीत जो मित्र बसून होता, तोच आमच्या घरी जेवताना "धर्माला हे मंजूर नाही" म्हणायचा. पहाटे जोडीदाराच्या मोठ्या भावाला फोन त्यानंच लावला. म्हणाला, "आत जायचा हक्क याचा आहे, तुम्ही तसं सांगा." भावानं सांगितलं आणि मला आत सोडलं.

त्याचं मत बदललं का? नाही. महिन्याभरानं पुन्हा तोच विषय निघाला आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी एवढंच म्हटलं, "त्या रात्री तू भावाला जे सांगितलंस, तेच मला कागदावर हवंय. म्हणजे पहाटे कुणाला उठवावं लागणार नाही." त्यानं मान खाली घातली. आमची मैत्री टिकली आहे, पण त्याच्यासमोर आपल्या संसाराची बाजू मांडत बसणं थकवतं, हेही खरं. तुमच्यासाठी तो चर्चेचा विषय असतो, आमच्यासाठी ते घर असतं.

*

थोडक्यात माझंही. मैत्रीण म्हणाली, "आपल्या शास्त्रात हे नाही." ती शास्त्र खरोखर वाचते, म्हणून मी तिच्याबरोबरच वाचायला बसले. मनुस्मृतीत अकराव्या अध्यायात समलिंगी संबंधाबद्दल पुरुषासाठी प्रायश्चित्त काय, तर अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान. स्त्रियांसाठी आठव्या अध्यायात मात्र दंड आणि शारीरिक शिक्षा. दोघींनाही ते वाचून राग आला, आणि तो एकाच कारणानं आला. मग ती आपणहून विधवाविवाहावर आली. शास्त्राचा नकार तेव्हाही होताच, आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतूनच त्याला उत्तर शोधलं. 1856 साली कायदा झाला. "मग मलाही एखादं वचन शोधून दे," असं ती म्हणते. मी म्हणते, वचन नाही मिळालं तरी माणसं आहेतच ना. इथंच आम्ही अडलो आहोत.

*

मी आई आहे. माझ्या मुलीची जोडीदार मुलगी आहे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मुस्लिम, पाचही वेळची नमाज पढणारी. हजरत लूत यांची, म्हणजे कुराणातली सदोमची, कथा तिनं मला एकदाच सांगितली आणि म्हणाली, "माझा विश्वास मी तुझ्यासाठी बदलू शकत नाही. तू मला तसं सांगू नकोस. पण तुझ्या पोरीला कुणी वाकडं बोललं तर मी मध्ये उभी राहीन." एकदा खरंच राहिली. मी तिच्याशी वाद घालत नाही. इथं काही जणांना ते पटणार नाही, माझ्या मुलीलाही पटत नाही.

*

मी विरोध करणाऱ्यांपैकी आहे. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही कॅथलिक. आमच्यात विवाह हा संस्कार आहे, करार नाही. मित्र मला "मागासलेला" म्हणायचे तेव्हा मी आणखी घट्ट व्हायचो. त्या चर्चांतून मी काहीही शिकलो नाही. एका मैत्रिणीनं मात्र अमेरिकेतल्या लव्हिंग दांपत्याची हकीकत सांगितली. तो गोरा, ती कृष्णवर्णीय, दोघांचं लग्न म्हणजे गुन्हा. 1965 मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायाधीशानं लिहिलं की देवानं वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे ते मिसळावेत अशी त्याची इच्छा नव्हती. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. मी म्हटलं, ते दोघं स्त्री-पुरुषच होते, उदाहरण पूर्ण लागू होत नाही. आजही तसंच म्हणतो. पण तो न्यायाधीश खोटं बोलत नव्हता, त्याची तशी खरीच श्रद्धा होती, हे माझ्या मनातून जाईना.

मग तिनं विचारलं, "तुझा धर्म त्यांना ब्रह्मचर्य सांगतो. ठीक. म्हातारपणी त्यांचा हात कुणी धरायचा? तुझी मंडळी धरणार आहेत का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 18 डिसेंबर 2023 ला व्हॅटिकननं समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला पाद्र्यांना मुभा दिली, विवाहविधी वाटणार नाही अशा साध्या रीतीनं. विवाहाची शिकवण बदललेली नाही, आणि माझंही मत त्याबाबत तेच आहे. पण आता कुणाच्या घरी हा विषय निघाला की बोलण्याआधी मी बघतो, या खोलीत हे ऐकून कुणाला घर परकं वाटेल का.

*

धागा सुरू करणारी मीच परत आले आहे. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. शेवटचा वाचल्यावर भावाला फोन केला आणि त्या रविवारचं सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "तू काय बोललीस?" मी खरं ते सांगितलं, काही नाही. बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही. मग म्हणाला, "पुढच्या वेळी मलाही ने. मी त्याच्या शेजारी बसेन."

त्या मित्राला आधी सांगू की तिथंच कळू दे, हे अजून आमचं ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, आधी सांगू नकोस.