‘दिशाभूल’ झाली की केली?

प्रश्न : रविवारी आईला घेऊन स्वामीनारायण मंदिरात निघाले होते. दादरला पुलावरून उतरलो तर समोर फुलबाजार! आई म्हणाली, “दिशाभूल झाली गं माझी.” लेक म्हणते, दिशाभूल कुणीतरी मुद्दाम करतं, फसवतं. आपली आपण कशी होईल? बरोबर कोण?

प्रतिसाद १ : आई. दिशेची भूल ती दिशाभूल, षष्ठी तत्पुरुष. फसवणुकीचा अर्थ तिच्यावरूनच आलेला, आणि बातम्यांमुळे लेकीच्या पिढीला तेवढाच ठाऊक.

याच्या शेजारचा शब्द ‘चकवा’. कोकणात रानात चकवा लागतो तेव्हा माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. म्हणजे चकव्यात जागा चुकते, दिशाभुलीत दिशा. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण मेंदूतही ही दोन कामं वेगवेगळ्या पेशी करतात. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की चेततात. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. जेम्स रँक यांनी १९८४ मध्ये दुसऱ्या पेशी दाखवल्या. उंदीर कुठेही असो, डोकं ठरावीक दिशेला वळलं की त्या चेततात.

पुढे गोल पिंजऱ्याच्या भिंतीवरचं पांढरं कार्ड सरकवून पाहिलं. कार्ड जेवढं फिरलं, जवळजवळ तेवढ्याच या पेशींच्या दिशाही फिरल्या, आणि सगळ्या मिळून फिरल्या. दादरला तुमचं तेच झालं असणार. एक पूर्व चुकली की चर्चगेटसुद्धा विरारच्या बाजूला जातं.

प्रतिसाद २ : पहिलीला ‘स्थानपेशी’ चालेल. दुसरीला मात्र कृपया ‘दिशापेशी’ म्हणू नका. तिला उत्तर-दक्षिण कळत नाही, ती होकायंत्र नव्हे. खुणांवरून आणि डोकं किती वळलं त्यावरून ती चालते. आपल्याकडे नेमका शब्द आहे. घराचं तोंड पूर्वेला असलं की आपण ‘पूर्वाभिमुख’ म्हणतो, तसं ‘अभिमुखपेशी’ म्हणावं. जागा कोणतीही, तोंड कुठे आहे तेवढंच.

प्रश्नकर्ती : ‘अभिमुखपेशी’ आवडला. आईला ‘चकवा’ म्हणून पाहिलं, तर ती ठामपणे म्हणाली, “छे, जागा दादरच होती की!”