अ‍ॅड ब्लॉकर लावून फुकट वाचणं चुकीचं आहे का?

वाचनवेडा:
जाहिराती अडवणारा ब्लॉकर लावून एका साइटवर रोज जातो, लेख खरंच चांगले असतात. आता तिथे पाटी येतेय, ब्लॉकर बंद करा, आमचा खर्च जाहिरातींवर चालतो. टीव्हीवर जाहिरात लागली की आपण उठून जातोच ना, मग यात एवढं काय? पण मनाला पटत पण नाहीये. तुम्ही काय करता?

खटपट्या:
टीव्हीचं इथे लागू नाही पडत. तुम्ही उठून गेलात हे जुन्या टीव्हीला कळत नव्हतं. इथे पान पूर्ण उघडायच्या आत तुम्हाला जाहिरात दाखवायच्या जागेचा लिलाव होऊन जातो, कोण बघतोय कुठून बघतोय वगैरे सगळं बोली लावणाऱ्यांकडे जातं आणि जे हरतात त्यांनाही ते मिळालेलंच असतं. शिवाय सेफ्टी. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी अशा साइट्सवरच्या जाहिरातींतून रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरवायचा प्रकार झाला होता. २०२२ च्या डिसेंबरात तर एफबीआयनेच लोकांना सर्च करताना ब्लॉकर वापरा म्हणून सांगितलं. माझ्या मशीनवर कोणाचा कोड चालवायचा ते मी ठरवणार, बास.

एकटा_संपादक:
सगळं मान्य, पण सर्व्हरचं बिल कोण भरणार ते पण सांगा की. मी छोटी साइट चालवतो. ट्रॅकिंग म्हणजे वाचकावर पाळत नको म्हणून साधी, लेखाच्या विषयाची जाहिरात, एक स्थिर चित्र लावलं तर ब्लॉकर ती पण उडवतो, आणि वर्गणी ठेवली की हेच तत्त्ववाले गायब. मोठ्या कंपन्यांना काही फरक पडत नाही हो, मरतो तो छोटाच.

वाचनवेडा:
@एकटा_संपादक म्हणजे निदान तुमच्यासारख्यांना तरी व्हाइटलिस्ट करायला हवं, म्हणजे त्या साइटपुरता ब्लॉकर बंद.

खटपट्या:
करा की, साधी जाहिरात असेल तर मी पण करतो. पण जाहिरात साधी आहे का ते ब्लॉकर बंद न करता आधी बघायचं कसं, हाच तर घोळ आहे.

आडवातिडवा:
वाचणाऱ्याला काय धरून बसलात, ब्लॉकर बनवणाऱ्यांचं बघा. अ‍ॅडब्लॉक प्लसने २०११ पासून "अ‍ॅक्सेप्टेबल अ‍ॅड्स" काढल्यात, त्यांच्या नियमात बसणाऱ्या जाहिराती आपोआप दिसू देतात, आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. छोट्यांना फुकट आहे म्हणा. जर्मनीत यावरून कोर्टबाजी झाली, २०१८ मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने हे अनफेअर कॉम्पिटिशन नाही असं ठरवलं. कायद्यात बसलं असेल, मला नाही पटत. त्यापेक्षा युब्लॉक ओरिजिन हा दुसरा ब्लॉकर बनवणारा बरा, तो देणगीसुद्धा घेत नाही.