मदत हवी आहे : न झालेल्या सभेच्या रजिस्टरवर सही मागतायत, काय करू?

कळंबा नाका

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी कोल्हापुरातल्या एका अनुदानित हायस्कूलात नववीला आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, लेकीला अजून दीड वर्ष तिथंच काढायचंय. जूनच्या शेवटी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी आठ-दहा नावांची यादी टाकली. खाली "नूतन पालक सदस्यांचे हार्दिक अभिनंदन" आणि गुलाबाची फुलं. त्यात माझं नाव. मला कुणी विचारलं नव्हतं, पालकांची सभा झाली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. शेजारणीला पण दाखवलं.

मग ऑगस्टात लेकीच्या दप्तरातून एक रजिस्टर घरी आलं. शिपाईमामांनी सहीच्या पानात खडूचा तुकडा घालून दिलेलं. "इथं सही कर, उद्या परत द्यायचंय." मी चपात्या लाटत होतो, हाताचं पीठ झटकलं आणि केली सही. काय लिहिलंय बघितलं पण नाही.

दिवाळीनंतर परत आलं. या खेपेला जेवणं झाली होती म्हणून वाचत बसलो. "सभा शुक्रवार रोजी सकाळी ठीक 11 वाजता मुख्याध्यापकांच्या दालनात संपन्न झाली." त्या शुक्रवारी 11 वाजता मी शिरोली एमआयडीसीत पॅकिंगला होतो, पंचिंगची नोंद आहे. पुढं ठराव. सूचक आणि अनुमोदकाची जागा कोरी सोडलेली. शेवटी "आभार मानून चहापानानंतर सभा संपली." तो चहा काय मी प्यालेलो नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण ठराव क्र. 4 असा होता : "मुलींच्या स्वच्छतागृहातील नळ दुरुस्तीचे काम पूर्ण झाल्याची नोंद घेण्यात आली व झालेल्या खर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली."

आता लेकीची बाटली सांगतो. डब्याबरोबर रोज एक लिटर पाणी देतो. गेले कित्येक महिने बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत येते. मी ओरडायचो, डोकं दुखतंय म्हणतीस आणि पाणी पीत नाहीस म्हणून. ठराव वाचल्यावर सहज विचारलं, "तुमच्या बाथरूमचे नळ दुरुस्त झाले काय गं?" तर म्हणाली, "तिथं पाणीच नसतंय. म्हणून आम्ही कुणीच पाणी पीत नाही, जायलाच नको." साडेदहा ते पाच. सगळ्या पोरी.

रजिस्टर अजून घरातच आहे, फ्रिजवर. शाळेतून दोनदा निरोप आला. सही न करता परत दिलं तर काय होईल? आधीच्या सहीचं काय? आणि या समितीत आमच्यासारख्यांना विचारायचा हक्क तरी असतो का? सगळ्यात मोठी भीती लेकीची. माझ्यावरचा राग तिच्यावर निघायला नको.

मुळा-मुठा

दादा, अजिबात सही करू नका. महाराष्ट्रात 2011 चा फी नियमनाचा कायदा आहे. त्यात प्रत्येक खाजगी शाळेला पालक-शिक्षक संघ काढावाच लागतो आणि कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाब टाकून नव्हे. थेट माहिती अधिकार टाका, 10 रुपयांचं काम आहे, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आणि दादा, चपात्या तुम्ही लाटता हे वाचून फार छान वाटलं. असे वडील हवेत.

कळंबा नाका

दादा नव्हे, आई आहे मी. कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. आमचे हे चपातीला हात लावत नाहीत, तेवढं कौतुक परत घ्या.

मुळा-मुठा

😄 माफ करा ताई.

उद्यमनगर फिटर

लई दिवसांनी इथं हसलो. पण विषय हसायचा नाही. राजर्षी शाहूंनी 1917 ला सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड होता. आता आई-बाप स्वतः शाळेत यायला निघालेत तर त्यांना न बोलावताच सभा उरकतायत.

ताई, नळ दुरुस्त म्हणजे काय केलं ते आधी बघून या. नळ बदलणं हे एक काम, टाकीत पाणी चढवणं हे दुसरं. बोअरची मोटर बंद असली तर सोन्याचे नळ बसवून उपयोग नाही. पुष्कळदा नुसता कपॅसिटर उडालेला असतो. वाइंडिंग जळालं असलं तर मोटर बाहेर काढावी लागते. मुख्याध्यापकांनी हो म्हणायचा अवकाश, रविवारी दोन पोरं घेऊन येतो आणि बघतो. पैसे नकोत.

निवृत्त मास्तर

ताई, मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत काढली, शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून. लांबलं तर माफ करा.

पहिलं काम, रजिस्टरच्या कव्हरवर कोणत्या समितीचं नाव आहे ते बघा. तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि शाळा त्यांची खिचडी करतात. एक, शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 ची शाळा व्यवस्थापन समिती. ती पहिली ते आठवीसाठी. त्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला पाहिजेत. दुसरी, नववी-दहावीसाठी माध्यमिक शिक्षा अभियानातून आलेली शाळा व्यवस्थापन व विकास समिती. ते अभियान 2018 ला समग्र शिक्षामध्ये मिसळलं. तिसरा पालक-शिक्षक संघ, ज्याबद्दल वर लिहिलंय. तुमची मुलगी नववीत, म्हणजे पहिल्या समितीत तुमचं नाव घालायला मुळात आधार नाही.

दुसरं कडू आहे. अनुदानित शाळांमधल्या व्यवस्थापन समितीचं काम 2012 च्या दुरुस्तीने फक्त सल्ल्याचं ठेवलंय. संस्थाचालक हेच वाक्य तोंडावर फेकतात, "तुम्ही सल्लागार." फेकू द्या. सल्ला इतिवृत्तात लिहावा लागतो आणि लिहिलेला सल्ला तपासणीला आलेला अधिकारी वाचतो. शाळेला वेतनेतर अनुदान मिळत असेल तर त्याचा हिशेबही कुणीतरी बघतो. तुमची सही म्हणूनच हवी आहे. तिला किंमत नसती तर रजिस्टर दप्तरातून फिरलं नसतं.

सहीचं म्हणाल तर रजिस्टर कोरं परत करू नका आणि वादही घालू नका. तुमच्या नावासमोर "या सभेची सूचना मिळाली नाही, सभेस उपस्थित नव्हते" असं लिहून तारखेसह सही करा आणि त्या पानाचा फोटो काढा. ऑगस्टच्या सहीबद्दल दोन ओळींचं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे द्या. आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा.

मुलीबद्दल खोटा दिलासा देणार नाही. राग निघतो. नववीत भाषांचे 20 गुण शाळेच्या हातात असतात आणि टोमणे तर फुकट असतात. म्हणून एकटीने पत्र देऊ नका. चार-पाच आयांनी मिळून द्या, सह्या गोलाकार करा, म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही. ही युक्ती मला माझ्याच शाळेतल्या पालकांनी शिकवली, माझ्याविरुद्ध.

माहिती अधिकार हातात राहू द्या, पण आधी तो काढू नका. एकदा अर्ज गेला की शाळा पाणी विसरते आणि कागद जमवत बसते.

गूळपापडी

मास्तरांशी सहमत. आमचं हातकणंगले तालुक्यातलं हायस्कूल. आमच्याकडे पण सभा सकाळी 11 ची. अर्ध्या बायका शेतात, अर्ध्या सूतगिरणीत. येणार कोण? ज्यांना काम नाही ते, आणि ज्यांचं शाळेत काम आहे ते. दोन वर्षं तेच चार पुरुष खुर्च्यांवर.

आम्ही एकच मागितलं, सभेची वेळ बदला. दुसरं काहीच नाही. शनिवारी साडेपाच झाली. पहिल्या सभेला सतरा आया आल्या, पोरं मांडीवर. मुख्याध्यापक बिचारे उठून उभेच राहिले. बाथरूमचा विषय कुणी काढलासुद्धा नाही. त्यातल्या दोघी उठल्या, आत जाऊन बघून आल्या आणि परत येऊन बसल्या. पुढच्या आठवड्यात दाराला कडी बसली.

अजून एक. "आयत्या वेळचे विषय" या खान्यात काही ढकलू नका. तिथं विषय मरतात. सभेच्या आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर नंबर घेऊन घ्या.

मुळा-मुठा

पण खर्चाला मंजुरी म्हणजे सरळ घोटाळा आहे ना? तक्रार थेट शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे का नको?

निवृत्त मास्तर

अहो, अजून नळ कुणी बघितलेले नाहीत. न बघता घोटाळा म्हणणं आणि न वाचता सही करणं यात मला फार फरक दिसत नाही. (ताई, तुम्हाला उद्देशून नाही.)

आणि फिटरसाहेब, तुमचं मन मोठं आहे, पण मोटर लगेच फुकट करून देऊ नका. पाणी आलं की ठराव 4 आपोआप खरा ठरतो आणि पुढच्या वर्षी रजिस्टर परत दप्तरातून येतं. आधी सभा, मग मोटर.

उद्यमनगर फिटर

सर, तुमचं बरोबर असेल. पण तोवर पोरी तहानलेल्या बसतात त्याचं काय? कागद आठ दिवस थांबेल की.

निवृत्त मास्तर

याला माझ्याकडे उत्तर नाही.

कळंबा नाका

नऊ दिवसांनी लिहितोय, रागवू नका. सगळ्यांचं वाचून काढलं, बहुतेक केएमटीच्या बसमध्ये उभ्या-उभ्या.

कव्हर बघितलं. "पालक-शिक्षक संघ" असं छापलंय, त्यावर निळ्या पेनानं काट मारून "शाळा व्यवस्थापन समिती" लिहिलंय. एका रजिस्टरात सगळा संसार.

आम्ही सहा जणींनी पत्र लिहिलं. लेकीच्या वर्गातल्या तिघी, आठवीतल्या तिघी. सह्या गोल केल्या, भाकरीसारख्या. मी आणि अजून एक जण हाफ डे टाकून गेलो. क्लार्क म्हणाले, सर मीटिंगला गेलेत, ठेवून जावा. म्हटलं पोच द्या. शिक्का कपाटात आहे म्हणाले. म्हटलं नुसती सही-तारीख द्या, शिक्का नंतर मारा. मग शिक्का टेबलावरच निघाला.

तिथंच होतो तर बाथरूम बघून आलो. मास्तर, तुम्ही म्हणाला ते बरं झालं, नाहीतर मी बोंब मारत सुटलो असतो. नळ खरंच नवे आहेत. पाच नळ, चकाचक, दोनवर अजून प्लास्टिकची पिशवी तशीच. फिरवला की फुस्स करून हवा येते. म्हणजे ठरावात खोटं एक अक्षर नाही आणि पाण्याचा एक थेंब नाही. बादलीत कोरडा मग, आणि मगात कोळ्याचं जाळं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. माणूस वाईट वाटला नाही, दमलेला वाटला. म्हणाले नळाचं बिल निघालं, मोटरचं संस्थेकडे पडून आहे. तुम्ही बायका आधी का नाही बोललात? मी म्हणालो, सर, आम्हाला सभेला बोलवलं असतं तर बोललो असतो की. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, येत्या शनिवारी साडेपाचला घेऊ. नोटीस आलीय, कागदावर, विषय क्र. 3 : मुलींच्या स्वच्छतागृहातील पाणीपुरवठा.

फिटरदादा, तुमचं पण सांगितलं. रविवारी सकाळी या म्हणालेत, सभेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे मास्तरांचं पण राहिलं आणि तुमचं पण. तोवर शिपाईमामा रोज दोन पिंप भरून ठेवतायत. कालपासून सुरू झालंय.

लेकीला अजून कुणी काही बोललेलं नाही. एका मॅडमनी फक्त विचारलं, "तुझी आई नेता झाली का गं?" ती म्हणाली, "नाही, पॅकिंगला आहे."

आता एकच विचारायचंय. आमच्या सहाजणींतल्या चौघी सदस्य नाहीत. त्या सभेला बसू शकतात काय, की दारात अडवतील?

निवृत्त मास्तर

मुख्याध्यापकांना आज-उद्यातच लेखी विचारा, "निमंत्रित पालक म्हणून चौघींना बसू द्यावे". निमंत्रितांना मत नसतं, पण बोलता येतं. तुम्हाला मताची गरज पडणार नाही. आणि सभा संपल्यावर इतिवृत्त तिथंच लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही. सूचक-अनुमोदकाची जागा कोरी राहू देऊ नका, विषय 3 ला सूचक तुम्हीच व्हा.

त्या जुन्या पानावर काय लिहिलंत ते सांगितलं नाहीत.

कळंबा नाका

"सूचना मिळाली नाही, सभेस हजर नव्हतो. चहा प्यालो नाही."

निवृत्त मास्तर

सरकारी कागद आहे ताई, "नव्हते" पाहिजे होतं.

कळंबा नाका

असू द्या सर. वाचणारा कोल्हापूरचाच आहे.