प्रतिसाद: वर्गमित्र सध्या काय करतात?

‘साठीनंतर वर्गमित्र भेटले की विषय दोनच, गोळ्या आणि नातवंडं’ हे मला अर्धंच पटलं. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या अभ्यासात तिथल्या २६८ विद्यार्थ्यांचा पार म्हातारपणापर्यंत पाठपुरावा केला गेला. (जॉन केनेडीही त्यांत होते!) पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, तेच ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरूनही एवढा अंदाज बांधता आला नाही. अर्थात सगळे पुरुष, बहुतेक सुखवस्तू, तेव्हा थोडं हातचं राखूनच घ्यावं. आमच्या बॅचमधला मागच्या बाकावरचा एकजण आता पोहायला शिकतोय आणि रोज कुणाला ना कुणाला फोन करून पिडतो. गोळ्या त्यालाही आहेतच.