नॉट इन लावलं की यादी कोरीच येते, हे तीन व्हॅल्यूचं लॉजिक म्हणजे काय भानगड आहे?

मोंढा_कोडर, लातूर

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर बघतो मी, पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या), हमाली-तोलाई, शेतकऱ्यांची उचल सगळं त्यातच. परवा मालक म्हणाले की आपल्या खात्यातले कोण कोण यंदा सोयाबीन घेऊन आलेच नाहीत त्यांची यादी काढ, फोन लावायचेत, दुसऱ्या दुकानाला चाललेत का काय ते बघू. म्हणलं हे तर दोन मिनिटाचं काम. खातेदाराच्या टेबलातून असे घ्या की ज्यांचा खाते नंबर पट्टीच्या टेबलात नाही, सरळ नॉट इन. रन केलं तर शून्य ओळी. एकही नाव नाही! मालक खुश, म्हणजे सगळेच आले की. पण मला माहितीय ना, माझ्या सख्ख्या चुलत्यानंच माल अजून घरात ठेवलाय भाव वाढंल म्हणून, अन् त्यांचं पण नाव नाही त्यात.

मग उलटं करून बघितलं, नुसतं इन लावलं, तर आलेल्यांची यादी बरोब्बर येतीय. म्हणजे 'आहे' बरोबर आणि 'नाही' चूक, असं कसं होईल? आणि दुसरी गंमत, ओलावा १२ च्या वर असलेल्या पट्ट्या मोजल्या तर २१८, १२ किंवा कमी असलेल्या ६९०, बेरीज ९०८, आणि एकूण पट्ट्या ९३१. मधल्या २३ पट्ट्या ना वर ना खाली. नेटवर शोधलं तर कुणीतरी लिहिलंय की एसक्यूएल मध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, थ्री व्हॅल्यूड लॉजिक असतं. कॉलेजात तर आम्हाला ० आणि १ सोडून काही शिकवलं नव्हतं. तिसरी व्हॅल्यू कुठून आली? आणि असलं लॉजिक कॉम्प्युटरमध्ये अजून कुठं वापरतात का फक्त आम्हाला छळायलाच आहे?

बिनधास्त_बीड

फझी लॉजिक आहे ते भाऊ. वॉशिंग मशीनमध्ये असतं तेच. इंडेक्स परत बनवून बघ एकदा, होऊन जाईल.

जुना_डीबीए, छत्रपती संभाजीनगर

इंडेक्स-बिंडेक्स काही बनवू नको रे, उगाच भर दुपारी दुकान बंद पाडशील. तुझ्या पट्टीच्या टेबलात किमान एक तरी पट्टी अशी आहे की जिच्यात खाते नंबर नल आहे, म्हणजे रकाना मोकळा आहे. पैज लावतो.

आता कसं होतं बघ. समज पट्ट्यांमध्ये खाते नंबर ५, ९ आणि एक नल एवढेच आहेत. तुझ्या चुलत्यांचा नंबर ७. नॉट इन म्हणजे डेटाबेस मनातल्या मनात काय वाचतो, तर ७ हा ५ नाही आणि ७ हा ९ नाही आणि ७ हा नल नाही. पहिलं खरं, दुसरं खरं, तिसऱ्याला तो म्हणतो 'माहीत नाही', कारण नल म्हणजे तिथं कुठला तरी नंबर असेल पण मला ठाऊक नाही, काय सांगावं ७ च असेल. खरं आणि खरं आणि माहीत नाही, याचं उत्तर माहीत नाही. आणि वेअर ची चाळणी फक्त पक्क्या 'खरं' लाच आत सोडते, 'माहीत नाही' ला 'खोटं' सारखंच बाहेर काढते. ज्यांची पट्टी आहे ते खोटं म्हणून बाहेर, ज्यांची नाही ते माहीत नाही म्हणून बाहेर, म्हणून यादी कोरी. साधं इन चालतं कारण तिथं मध्ये 'किंवा' असतं, एक जरी खरं सापडलं की काम झालं, बाकी माहीत असो नसो.

इलाज सोपा आहे, नॉट एक्झिस्ट्स लिही, नाहीतर आतल्या सिलेक्ट मध्येच नल गाळून टाक. आणि त्या २३ पट्ट्या म्हणजे ज्यांचा ओलावा कुणी लिहिलाच नाही त्या. इज नल लावून काढ, सापडतील.

एक मात्र ध्यानात ठेव, यात मी स्वतः एका महिनाअखेरीला पुरता गाळात गेलो होतो. वेअर मध्ये 'माहीत नाही' बाहेर पडतं पण चेक कन्स्ट्रेंट मध्ये, म्हणजे टेबलात नोंद घालतानाच तपासणाऱ्या अटीत, तेच 'माहीत नाही' खुशाल आत जातं, कारण चेक फक्त पक्क्या 'खोटं' लाच अडवतो. वजन शून्यापेक्षा जास्त पाहिजे असा चेक लावला म्हणून आपण निवांत, आणि नल वजनाच्या पट्ट्या पाहुण्यासारख्या आत येऊन बसतात. एकच तिसरी व्हॅल्यू, एका दारात हाकलतात आणि दुसऱ्या दारात पाट मांडतात.

फळ्यावरचा_मास्तर, परभणी

डीबीए साहेबांनी नस पकडली. मी गणिताच्या बाजूनं थोडं टाकतो. बीडच्या दादांचं फझी वालं आधी बाजूला करू. फझी लॉजिक १९६५ ला लोत्फी झादेह यांनी मांडलं, त्यात ० आणि १ च्या मध्ये पाहिजे तेवढ्या किमती, प्रश्न असतो 'किती'. दाणा किती ओला, थोडा का जास्त. जपानात सेंदाई शहराची मेट्रो १९८७ ला सुरू झाली तीच असल्या नियमांवर ब्रेक लावत-सोडत. पण तुमच्या नल चा प्रश्न 'किती ओला' हा नाहीच, 'मोजलाय का' हा आहे. दोन्ही बहुमूल्य, म्हणजे दोनापेक्षा जास्त किमतींच्या, तर्काच्याच घरातले पण स्वभाव वेगळा.

तीन किमतींचं तर्कशास्त्र नीट मांडलं ते पोलंडच्या यान वुकासेविच यांनी, १९२० मध्ये. त्यांचं मूळ दुखणं ॲरिस्टॉटलचं, की 'उद्या समुद्रावर लढाई होईल' हे वाक्य आज खरं म्हणायचं का खोटं? आपल्याकडं समुद्र नाही, आपण 'उद्या पाऊस पडंल' म्हणू, जून महिन्यात आख्खा मराठवाडा त्या तिसऱ्या किमतीत बसलेला असतो. पुढच्याच वर्षी एमिल पोस्ट यांनी पाहिजे तितक्या किमतींची पद्धत मांडली. तुमचा डेटाबेस ज्या तक्त्यानं चालतो तो मात्र स्टीफन क्लीनी यांच्या १९३८ च्या तक्त्यासारखा आहे. तो पाठ करायची गरज नाही, खोटं ०, खरं १, माहीत नाही अर्धा धरा, मग 'आणि' म्हणजे दोन्हीतला लहान, 'किंवा' म्हणजे मोठा, 'नाही' म्हणजे १ मधून वजा. अर्ध्याचं नाही केलं तरी अर्धाच राहतो. दोन किमतींत दोन इनपुटचे तक्ते १६ च होतात, तीन किमती घेतल्या की १९,६८३. पोरांना हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो.

पण मला यातलं जे खटकतं ते सांगतो. एक पट्टी घ्या जिचा ओलावा लिहिला नाही. तिला विचारा, ओलावा १२ च्या वर आहे किंवा १२ पर्यंत आहे, हे खरं का? अहो मोंढ्यातला हमाल पण सांगेल की खरंच आहे, मोजा नाहीतर नका मोजू, काटा दोन्हीपैकी एकीकडं जाणारच. पण डेटाबेस म्हणतो अर्धा किंवा अर्धा म्हणजे अर्धा, माहीत नाही. म्हणजे हा तक्ता आपल्या अज्ञानाचा पण पूर्ण हिशोब ठेवत नाही, प्रत्येक तुकडा वेगळा वेगळा बघतो आणि दोन्ही तुकडे एकाच दाण्याबद्दल आहेत हे विसरतो. म्हणून माझ्या मते 'तिसरी किंमत लावली की अर्धवट माहितीचा प्रश्न सुटला' असं समजू नये.

वेरूळचा_वाटसरू

मास्तर, पोलंड कशाला जायचं, वेरूळला ३० ते ३४ नंबरच्या जैन लेण्या बघा, त्यांच्या स्याद्वादात सात प्रकारची उत्तरं आहेत, स्यात् अस्ति, स्यात् नास्ति वगैरे. आपल्या लोकांनी हे तीन नाही, सात व्हॅल्यूचं लॉजिक कधीच करून ठेवलंय.

फळ्यावरचा_मास्तर, परभणी

सप्तभंगी, म्हणजे ही सात उत्तरं, भारीच आहे, वादच नाही. अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य हे मूळचे तीन, आणि त्या तिघांतले एक, दोन किंवा तिन्ही घेऊन सातच जोड्या होतात, हिशोब चोख आहे. पण 'स्यात्' चा अर्थ 'कदाचित' असा घेऊ नका, 'एका दृष्टीनं बघितलं तर' असा आहे. घडा मातीचा म्हणून आहे, सोन्याचा म्हणून नाही. तिथं अज्ञान नाही, बाजू बदलल्या आहेत. शिवाय 'आणि', 'किंवा' चे तक्ते तिथं कुणी मांडलेले नाहीत. त्याला सरळ सात व्हॅल्यूचं लॉजिक म्हणलं तर त्यांच्यावर पण अन्याय आणि पोलंडवाल्यांवर पण. दोन्ही वेगळं वेगळं वाचायला जास्त मजा येते.

चिपवाली_नांदेडची

मी नांदेडची, सध्या बेंगळुरूला चिप व्हेरिफिकेशन करते. कोडर दादा, तुम्ही तीनला घाबरलात, आमच्याकडं व्हेरिलॉग मध्ये, म्हणजे चिपचं डिझाइन लिहायच्या भाषेत, प्रत्येक वायरला चार किमती असतात, ०, १, एक्स आणि झेड. झेड म्हणजे वायर मोकळी सोडलीय, कुणीच ओढत नाहीये. एक्स म्हणजे काय आहे कळत नाही, रीसेट झालेला नसेल नाहीतर दोघं जण एकाच वायरला एक ० कडं आणि एक १ कडं ओढायलेत. व्हीएचडीएल या तसल्याच दुसऱ्या भाषेत तर स्टँडर्ड सिग्नलला नऊ किमती आहेत, अजून सुरूच केलं नाही, हळू ओढलंय, जोरात ओढलंय, काही का असेना, असं सगळं.

आणि तुमच्या वेअर ची जुळी बहीण आमच्याकडं पण आहे. इफ ची अट एक्स आली तर व्हेरिलॉग गुपचूप एल्स मध्ये जातो, म्हणजे 'माहीत नाही' ला 'खोटं' समजून पुढं चालतो. सिम्युलेशन एकदम हिरवं दिसतं. पण खऱ्या सिलिकॉनमध्ये एक्स नावाची गोष्टच नसते, तिथं ती वायर ० तरी होते नाहीतर १ तरी, आणि १ झाली की चिप अशा रस्त्यानं जाते जो आम्ही तपासलेलाच नाही. मी एकदा सलग चार दिवस असा एक एक्स शोधत होते, शेवटी निघालं काय तर एका फ्लॉपला (एक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटला) रीसेट जोडायचाच राहिला होता. आई फोनवर विचारायली जेवलीस का, मी म्हणलं एक्स सापडला की जेवते. आईला वेगळाच एक्स वाटला, अर्धा तास समजवत बसले.

मोंढा_कोडर, लातूर

ताई 😂 पण मग खरोखरचं मशीनच तीन व्हॅल्यूचं काहून बनवत नाहीत? म्हणजे आतमध्येच ०, १, २.

चिपवाली_नांदेडची

बनवलं होतं की. मॉस्को विद्यापीठात १९५८ ला निकोलाय ब्रुसेंत्सोव यांच्या टीमनं 'सेतुन' नावाचं मशीन बनवलं, सुमारे ५० नग निघाले. त्यात ०, १, २ नाही तर −१, ० आणि +१. तुमच्या तराजूवरच बघा ना, इलेक्ट्रॉनिक काटा यायच्या आधीचा. १, ३, ९ आणि २७ किलो एवढीच चार मापं घ्या, १ पासून ४० पर्यंतचं कुठलंही पूर्ण किलोचं वजन होतं, फक्त मापं दोन्ही पारड्यांत ठेवायची परवानगी पाहिजे. ५ किलो करायचंय, ९ चं माप एकीकडं, ३ आणि १ मालाच्या बाजूला. माप समोर असेल तर +१, मालाकडं असेल तर −१, खाली ठेवलं असेल तर ०. हेच सेतुनचं गणित. ऋण संख्येला वेगळी खूण लागत नाही, पारडी अदलाबदल केली की ५ चं −५.

मग चाललं का नाही? ट्रान्झिस्टर हा पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असला की सुखी असतो. मधली पातळी धरून ठेवायची म्हणजे करंट जाळत बसायचं, आणि थोडा नॉइज आला की पातळी घसरली. दोनच पातळ्या असल्या की मध्ये भरपूर मोकळी जागा राहते, चूक आपोआप पुसली जाते. शिवाय तोवर सगळ्या जगाचे कारखाने दोनवरच उभे राहिले होते.

पण जिथं जागा नाहीतर वायर महाग, तिथं जास्त पातळ्या गुपचूप आल्याच. तुमच्या दुकानातल्या एसएसडीवर टीएलसी लिहिलं असेल तर तिच्या एकेका सेलमध्ये चार्जच्या ८ पातळ्या आहेत, क्यूएलसी असेल तर १६. स्वस्त पडते, पण पातळ्या एवढ्या खेटून की लिहायला वेळ लागतो आणि झिजते पण लवकर. गिगाबिट लॅनच्या तांब्याच्या वायरीत सिग्नलला ५ पातळ्या असतात. आणि हल्ली एआय वाले मॉडेलचे वेट्स, म्हणजे त्याच्या आतले आकडे, फक्त −१, ०, +१ ठेवून बघायलेत, तीन किमतींना साधारण १.५८ बिट लागतात म्हणून तेच नाव पडलंय त्याला. गुणाकारच उरत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. सेतुनवाले असते तर हसले असते.

मोंढा_कोडर, लातूर

मंडळी, डीबीए साहेब पैज जिंकले. खाते नंबर नल असलेल्या चार पट्ट्या निघाल्या. रस्त्यानं जाताना कुणी दोन-चार कट्टे टाकून रोख घेऊन गेलेलं, खातंच नाही त्यांचं, म्हणून मुनीमजींनी रकाना मोकळा सोडलेला. नॉट एक्झिस्ट्स लावलं, ४६३ नावं आली, त्यात चुलते पण आहेत. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता २३ ओलाव्यांचं. मी मुनीमजींना जरा चढ्या आवाजातच विचारलं की रकाना मोकळा का सोडता. ते उठले, कपाटातून २००९ ची लाल वही काढली आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांच्या वहीत दोन खुणा आहेत. बारदान्याची पट्टी असेल तर ओलाव्याच्या रकान्यात आडवी रेघ, कारण पोत्याला कसला ओलावा. आणि माल मोजायचा राहिला असेल तर रकाना मोकळा, नंतर भरायला. म्हणे, 'रेघ वेगळी अन् मोकळं वेगळं, तुझ्या कॉम्प्युटरात रेघ मारायला जागाच नाही तर मी काय करू.' २३ पैकी १४ बारदाना निघाला.

जुना_डीबीए, छत्रपती संभाजीनगर

अरे मुनीमजींना नमस्कार सांग माझा! ज्या कॉड साहेबांनी १९७० ला रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं त्यांनीच १९९० च्या पुस्तकात हेच म्हणलं होतं, की एक नल पुरत नाही, 'आहे पण माहीत नाही' आणि 'लागूच नाही' अशा दोन खुणा पाहिजेत आणि लॉजिक चार किमतींचं पाहिजे. एसक्यूएल वाल्यांनी काही घेतलं नाही ते. त्यामुळं तुला ते हातानंच करावं लागणार, ओलाव्याच्या शेजारी एक स्थितीचा कॉलम टाक, मोजला, राहिला, लागू नाही, आणि त्याला नॉट नल कर. नाहीतर त्यात पण कुणीतरी मोकळं सोडंल.

चिपवाली_नांदेडची

वहीच्या त्या पानाचा फोटो टाका ना दादा, नावं झाकून. आमच्या टीमला दाखवायचाय.

मोंढा_कोडर, लातूर

विचारलं. मुनीमजी म्हणले बघू. खरं का खोटं ते कळलं नाही.